वाटी कोण सरकवते?

गेल्या वर्षीची गोष्ट. अकरावीच्या वर्गाचे लंबकाचे प्रात्यक्षिक संपले होते. मुले वह्या आवरून निघून गेली, पण एक विद्यार्थी टेबलाशी रेंगाळत राहिला. तो वसतिगृहात राहणारा, अभ्यासात बरा, बोलायला मात्र अबोल. त्याच्या संमतीने ही हकीकत सांगत आहे, म्हणून नाव सांगत नाही.

"सर, एक विचारू? हसणार नाही ना?"

तीन महिन्यांपूर्वी त्याचे वडील हृदयविकाराच्या झटक्याने गेले होते. आदल्या रात्री खोलीतल्या मुलांनी प्लँचेट केले होते. फरशीवर खडूने मोठे वर्तुळ काढायचे, त्याच्या कडेने मुळाक्षरे लिहायची, दोन बाजूंना 'हो' आणि 'नाही' लिहायचे आणि मधोमध एक वाटी उपडी ठेवायची. तीन-चार जणांनी वाटीवर एकेक बोट अलगद टेकवायचे आणि मृत व्यक्तीला बोलवायचे. थोड्या वेळाने वाटी सरकू लागते आणि एकेका अक्षराशी जाऊन थांबते. तुमच्यापैकी काहींनी हा प्रकार पाहिला असेल, निदान ऐकला तरी असेलच.

"मी विचारलं, बाबा, तुम्ही मला लहानपणी काय म्हणायचात? वाटी आधी 'ग'वर गेली, मग 'ट'वर. सर, बाबा मला 'गट्टू' म्हणायचे. खोलीत हे कोणालाच माहीत नव्हतं. मग ते बाबाच होते का?"

मी हसलो नाही. हसण्यासारखे त्यात काहीच नव्हते. "असले काही नसते, अभ्यास कर" असे म्हणून त्याला वाटेला लावणे सोपे होते. पण ते विज्ञानाला धरून झाले नसते. त्याने निरीक्षण केले होते, त्यावरून एक अनुमान काढले होते आणि ते बरोबर आहे का असे तो विचारत होता. अशा प्रश्नाला उत्तर द्यायचे ते पुरावा तपासूनच. मृत्यूनंतर माणसाची जाणीव उरते का, हा प्रश्न फार जुना आहे. त्याला श्रद्धेने दिलेली उत्तरे प्रत्येकाच्या घरी आहेत आणि त्यांच्याशी येथे आपला वाद नाही. आपण एवढेच पाहू, की प्रयोगाने याचे उत्तर शोधण्याची खटपट कोणी केली, कशी केली आणि हाती काय लागले.

फॅरेडेची युक्ती

इ. स. १८५३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये 'टेबल फिरवण्याचे' वेड पसरले होते. माणसे टेबलाभोवती बसत, हात टेबलावर ठेवत आणि काही वेळाने टेबल फिरू लागे. कोणी म्हणत हे मृतात्म्यांचे काम, कोणी म्हणत ही वीज, तर कोणी म्हणत चुंबकत्व. आता वीज आणि चुंबकत्व म्हटल्यावर लोकांनी मायकेल फॅरेडेला विचारले नसते तरच नवल!

फॅरेडेने कोणालाही लबाड ठरवले नाही. टेबल मुद्दाम ढकलणार नाहीत अशी प्रामाणिक माणसे निवडून त्याने प्रयोग केला. त्याने स्वतःला अगदी साधा प्रश्न विचारला : आधी कोण हलते, टेबल की हात?

टेबलावर त्याने पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक रचले. दोन तुकड्यांच्या मध्ये मऊ, चिकट पदार्थाच्या गोळ्या होत्या. त्यामुळे तुकडे एकमेकांना धरून राहत, पण जोर लावल्यास हळूहळू घसरतही. माणसांचे हात सर्वांत वरच्या तुकड्यावर असत. आता विचार करा. टेबल आपण होऊन फिरले, तर खालचा तुकडा आधी पुढे जाईल आणि वरचे मागे पडतील. हात टेबलाला ढकलत असतील, तर वरचा तुकडा सर्वांत पुढे जाईल. टेबल फिरल्यावर फॅरेडेने तुकड्यांच्या जागा तपासल्या. सर्वांत वरचा तुकडा सर्वांत पुढे गेलेला होता. म्हणजे हात आधी आणि टेबल मागाहून!

मग त्याने दुसरे उपकरण केले. दोन फळ्यांमध्ये काचेच्या कांड्या घातल्या आणि वरच्या फळीला तरफेने एक लांब, हलका दर्शक जोडला. हात किंचित जरी सरकला, तरी दर्शक ठळकपणे कलत असे. मौज अशी, की दर्शक बसलेल्या माणसांना दिसेल असा ठेवताच टेबल फिरायचे थांबले. आपला हात ढकलतो आहे हे डोळ्यांना दिसू लागले आणि ढकलणे बंद झाले. ती माणसे खोटे बोलत नव्हती. आपण ढकलतो आहोत हे त्यांना खरोखरच कळत नव्हते.

करून पाहा

हे तुम्हाला घरी पडताळता येईल. सुमारे तीस सेंटिमीटर लांबीच्या दोऱ्याला एखादी अंगठी किंवा जाड नट बांधा. कागदावर एक अधिक चिन्ह काढा. कोपर टेबलावर टेकवून दोरा चिमटीत धरा, म्हणजे अंगठी चिन्हाच्या मध्यावर येईल. हात अजिबात हलवायचा नाही. आता आडव्या रेषेकडे एकटक पाहत मनात म्हणा, "आडवी हल, आडवी हल." एक-दोन मिनिटांत बहुतेकांची अंगठी आडवी झुलू लागते. मग उभ्या रेषेचा विचार करा. झोक्याची दिशा बदलेल.

मिशेल शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने या लंबकाचा अभ्यास करून १८३३ साली तो पत्ररूपाने प्रसिद्ध केला. ते पत्र त्याने लिहिले होते अँपिअरला. विद्युतप्रवाहाच्या एककाला ज्याचे नाव दिले आहे, तोच हा अँपिअर. डोळे झाकून घेतल्यावर लंबकाची हालचाल मंदावून थांबते, हे शेव्रलला आढळले होते. तुम्हीही डोळे मिटून मित्राला पाहायला सांगा.

यात भौतिकशास्त्र आपल्या परिचयाचे आहे. बोटांचा प्रत्येक सूक्ष्म धक्का लंबकाच्या दोलनकाळाशी जुळून बसला, की थोड्या-थोड्या धक्क्यांनीही झोका मोठा होतो. पाळण्याला आपण असाच झोका देतो. विचार मनात आला, की त्या दिशेने स्नायू नकळत किंचित हलतात. वाटीचेही तसेच. गुळगुळीत फरशीवर उपड्या वाटीला सरकवायला फार कमी बळ लागते. त्यात चार बोटे, म्हणून प्रत्येकाला वाटते की सरकवणारा दुसराच कोणी आहे.

मी विद्यार्थ्याला विचारले, "गट्टू हे नाव खोलीत कोणालाच माहीत नव्हतं म्हणतोस. वाटीवर तुझं बोट होतं का?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "होतं, सर."

एकवीस ग्रॅमची गोष्ट

पण त्याचा दुसरा प्रश्न तयार होता. "आत्म्याचं वजन एकवीस ग्रॅम असतं असं मी वाचलंय. ते तर काट्यावर मोजलंय ना?"

हो, मोजले होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात हेव्हरहिल नावाचे गाव आहे. तेथील डॉक्टर डंकन मॅकडूगल याने १९०१ पासून हे प्रयोग केले आणि १९०७ साली प्रसिद्ध केले. त्याने मरणासन्न रुग्णाचा पलंगच मोठ्या वजनकाट्यावर ठेवला. पहिल्या रुग्णाच्या मृत्यूच्या क्षणी काट्याची दांडी खाली आली आणि वजन पाऊण औंसाने कमी झाले. पाऊण औंस म्हणजे सुमारे २१ ग्रॅम. वृत्तपत्रांनी ही बातमी जगभर नेली. त्यावरून २००३ साली एका चित्रपटालाही नाव मिळाले.

आता आपण प्रात्यक्षिकाची वही तपासतो तशी ही वही तपासू. एकूण रुग्ण सहा. त्यांपैकी दोघांची मापे मॅकडूगलने स्वतःच बाद ठरवली. एकाच्या वेळी काटा नीट जुळवलेला नव्हता, दुसरा काटा जुळवण्यापूर्वीच दगावला. राहिले चार. पहिल्याची घट पाऊण औंस. दुसऱ्याची अर्धा औंस, पण ती पुढे वाढत गेली. तिसऱ्याचीही अर्धा औंस आणि काही मिनिटांनी आणखी एक औंस. चौथ्याची औंसाच्या तीन अष्टमांशाएवढी. सगळीकडे सांगितला जाणारा २१ ग्रॅमचा आकडा एका रुग्णाचा आहे, चार मापांची सरासरी नव्हे. काट्याची सूक्ष्मता होती औंसाचा दोन दशांश भाग, म्हणजे जवळजवळ ६ ग्रॅम. शिवाय मृत्यूचा नेमका क्षण कोणता, हे ठरवणेही सोपे नव्हते. तुम्ही चार वाचने घेतली, चारही वेगवेगळी आली आणि त्यांतले एकच निवडून निष्कर्ष लिहिलात, तर तुमचे शिक्षक किती गुण देतील?

कोणी म्हणेल, शेवटच्या श्वासाबरोबर फुप्फुसातली हवा बाहेर पडल्याने वजन घटले असेल. मॅकडूगलने हे तपासले होते. तो स्वतः पलंगावर निजला, जोरजोराने श्वास घेतला आणि सोडला. काटा हलला नाही. आर्किमिडीजचे तत्त्व आठवा, म्हणजे कारण कळेल. हवेत ठेवलेल्या हवेचे वजन काट्याला जाणवत नाही.

ऑगस्टस क्लार्क या डॉक्टरने वेगळा आक्षेप घेतला. त्याच्या मते श्वास थांबताच फुप्फुसांतून रक्त थंड होणे थांबते, शरीराचे तापमान थोडे वाढते, घाम सुटतो आणि तो उडून गेल्याने वजन घटते. मॅकडूगलने पंधरा कुत्र्यांवरही प्रयोग केला होता आणि त्यांच्या वजनात घट आढळली नव्हती. क्लार्कचे म्हणणे, कुत्र्यांना माणसासारखा अंगभर घाम येत नाही, म्हणूनच घट दिसली नाही. मॅकडूगलला मात्र वाटले, की आत्मा फक्त माणसालाच असतो!

पण हा आक्षेपही आपण मुकाट्याने मान्य करू नये. गणित करू. २१ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५०,००० ज्यूल उष्णता लागते. हजार वॅटची इस्त्री पन्नास सेकंदांत एवढी उष्णता देते. मृत्यूपूर्वी रुग्णाचे वजन तासाला सुमारे एक औंस या वेगाने घटत होते, असे मॅकडूगलनेच लिहून ठेवले आहे. त्या वेगाने पाऊण औंस घटायला पाऊण तास लागेल. ते घामाने काही सेकंदांत घटणे कठीण. म्हणजे त्या एका वाचनाचा पक्का खुलासा आज देता येत नाही. पण खुलासा होत नाही म्हणून तो आत्माच, असे म्हणणे हा तर्क झाला नाही. प्रयोग पुन्हा करून तेच उत्तर मिळावे लागते. आणखी पुष्कळ प्रयोग हवेत, असे मॅकडूगलही म्हणाला होता. त्याचा निष्कर्ष इतर कोणाच्याही स्वतंत्र प्रयोगाने पक्का झालेला नाही.

मोहोरबंद पाकीट

मग पुरावा कसा असावा? या कामी खरी कल्पकता दाखवली ती मृत्यूनंतर जाणीव उरते अशी आशा बाळगणाऱ्या काही विद्वानांनीच.

१८८२ साली लंडनमध्ये अशा गूढ घटनांच्या अभ्यासासाठी 'सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च' ही संस्था स्थापन झाली. फ्रेडरिक मायर्स हा तिच्या संस्थापकांपैकी एक. रेडिओ लहरींवर महत्त्वाचे काम करणारा भौतिकशास्त्रज्ञ ऑलिव्हर लॉज हाही तिच्या प्रमुखांपैकी होता. १८९१ साली मायर्सने एका कागदावर काही मजकूर लिहिला, तो पाकिटात मोहोरबंद केला आणि लॉजच्या हवाली केला. हेतू असा, की आपण मृत्यूनंतर उरलोच, तर एखाद्या माध्यमाकरवी हा मजकूर कळवू. माध्यम म्हणजे मृतांचे निरोप आणतो असे सांगणारी व्यक्ती.

मायर्स १९०१ साली वारला. पुढे केंब्रिजच्या मिसेस व्हेरॉल यांच्या हातून आपोआप होणाऱ्या लेखनात पाकिटातील मजकुराचा उल्लेख आला आहे, असे वाटू लागले. डिसेंबर १९०४ मध्ये मंडळी जमली आणि पाकीट उघडले. लेखनात सांगितलेला मजकूर एक होता, कागदावरचा अगदी वेगळा. दोहोंचा मेळ बसला नाही. त्या मंडळींनी हे अपयश लपवले नाही, जाहीर केले. याबद्दल त्यांचा आदर वाटतो.

पाकिटात एक अडचण आहे, ती तुमच्या लक्षात आली का? ते एकदाच उघडता येते. एक उत्तर तपासले, की मजकूर सर्वांना कळतो आणि प्रयोग संपतो. रॉबर्ट थौलेस या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने यावर सुरेख तोड काढली. १९४८ साली त्याने गुप्त लिपीतले संदेश छापूनच टाकले. ते वाचायला लागणारी किल्ली, म्हणजे ठरावीक शब्द, फक्त त्याच्या डोक्यात होती. मृत्यूनंतर ती किल्ली आपण कळवू, असे त्याने ठरवले. कोणीही सुचवलेली किल्ली लावून पाहायची. अर्थपूर्ण वाक्य निघाले तर ती बरोबर, नाही तर चूक. चुकीच्या किल्ल्या हजार आल्या तरी गुपित शाबूत! एक संदेश लिपितज्ज्ञाने लवकरच उलगडला, तेव्हा त्याने आणखी अवघड असा नवा तयार केला.

थौलेस १९८४ साली वारला. अनेकांनी किल्ल्या सुचवल्या, पण एकही लागली नाही. पुढे राहिलेले संदेशही उलगडले, ते जिवंत माणसांनी संगणकाच्या मदतीने शोध घेऊन. पूर्वजन्म सांगणाऱ्या मुलांच्या हकिकती गोळा करण्यासाठी भारतातही अनेकदा आलेल्या इयान स्टीव्हन्सन या अमेरिकन डॉक्टरने अशाच हेतूने आकड्यांचे एक कुलूप लावून ठेवले होते. तो २००७ साली वारला. ते कुलूप उघडणारा आकडा कोणीही सांगितलेला नाही.

छताजवळची चित्रे

आता अलीकडच्या काळात येऊ. हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेले काही रुग्ण सांगतात, "मी माझ्या शरीराबाहेर पडलो, छताजवळून सगळे पाहत होतो." रेमंड मूडी या अमेरिकन लेखकाच्या १९७५ सालच्या पुस्तकाने असे अनुभव प्रसिद्धीस आणले. हे अनुभव विरळा नाहीत. हॉलंडमधील दहा रुग्णालयांत ३४४ रुग्णांचा अभ्यास झाला. तो २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ६२ जणांनी असा काही ना काही अनुभव सांगितला. हे लोक खोटे बोलत नाहीत. फॅरेडेच्या टेबलाभोवतीची माणसेही खोटे बोलत नव्हती. प्रश्न आहे तो अनुभवाच्या कारणाचा.

डॉक्टर सॅम पार्निया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची चाचणी योजली. रुग्णालयांत उंचावर फळ्या बसवल्या आणि त्यांच्यावर चित्रे ठेवली. ती खालून दिसत नाहीत, छताजवळून पाहणाऱ्यालाच दिसतील. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २,०६० रुग्णांचे हृदय बंद पडले, त्यांपैकी १४० वाचलेल्यांच्या मुलाखती घेता आल्या. फक्त दोघांनी त्या वेळचे दृश्य 'पाहिल्याचे' तपशिलाने सांगितले. त्यांतील एकाचे वर्णन तपासता आले आणि ते बरेचसे जुळले. पण दोघांचेही हृदय बंद पडले तेथे फळीच नव्हती! त्यामुळे खरी परीक्षा झालीच नाही.

पुढचा प्रयोग २०२३ साली प्रसिद्ध झाला. या वेळी उपकरणे रुग्णाजवळ नेली. पडद्यावर चित्रे आणि कानात तीन फळांची नावे. ५६७ रुग्णांपैकी ५३ वाचले, २८ जणांच्या मुलाखती झाल्या. चित्र एकालाही ओळखता आले नाही. फळांची नावे एकाने ओळखली, आणि एवढ्यात एखादे उत्तर योगायोगानेही बरोबर येऊ शकते.

या प्रयोगात एक गोष्ट मात्र खरोखर नवी कळली. छाती दाबून रक्त फिरते ठेवले असताना, हृदय बंद पडल्यावर तासाभरापर्यंतही काही रुग्णांच्या मेंदूत जाणिवेशी संबंधित मानल्या जाणाऱ्या विद्युतलहरी अधूनमधून दिसल्या. मृत्यू म्हणजे दिव्याचे बटण दाबणे नव्हे, ती हळूहळू पुरी होणारी क्रिया आहे. २०१९ साली येल विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी कत्तलखान्यातून आणलेल्या डुकरांच्या मेंदूंत, मृत्यूनंतर चार तासांनी, पेशींची काही कामे पुन्हा सुरू करून दाखवली. जाणिवेची खूण असलेल्या लहरी मात्र त्या मेंदूंत उमटल्या नाहीत. तेव्हा हृदय बंद पडून परत आलेला माणूस मृत्यूच्या वाटेवरून परतला, असे म्हणता येईल. त्या वाटेच्या पलीकडे तो जाऊन आला असे म्हणता येणार नाही.

शरीराबाहेर पडल्याचा भास मेंदूतून कसा निर्माण होऊ शकतो, याचाही धागा मिळाला आहे. २००२ साली जिनिव्हातील ओलाफ ब्लँके आणि सहकारी एका अपस्माराच्या रुग्ण स्त्रीची तपासणी करत होते. मेंदूच्या उजव्या भागातील एका ठिकाणी सौम्य विद्युतप्रवाह देताच तिला आपण वरून स्वतःला पाहत आहोत असे वाटले. प्रवाह बंद केला, की भासही बंद!

ऊर्जा नष्ट होत नाही, मग?

हा प्रश्न मला दरवर्षी कोणी ना कोणी विचारतेच : "सर, ऊर्जा नष्ट होत नाही, मग आत्मा कसा नष्ट होईल?"

नियम बरोबर आहे, वापर चुकीचा आहे. मेंदू सुमारे वीस वॅट शक्ती वापरतो. ती अन्नातून येते आणि उष्णतेच्या रूपाने बाहेर जाते. हा हिशेब पुरा होतो. मृत्यूनंतर शरीरात उरलेली रासायनिक ऊर्जाही कुजताना किंवा जळताना उष्णता होऊन बाहेर पडते. ऊर्जा उरते, पण ऊर्जेने चाललेले कार्य उरतेच असे नाही. मेणबत्ती विझल्यावर उष्णता खोलीत पसरते. ज्योत कोठे गेली, असे आपण विचारत नाही.

काही जण म्हणतात, मेंदू हा नुसता रेडिओ आहे. रेडिओ बिघडला तरी आकाशवाणी केंद्र चालूच असते. ही उपमा टाकाऊ नाही, कारण ती तपासता येते. केंद्र चालू असेल तर दुसऱ्या रेडिओवर तोच कार्यक्रम ऐकू यायला हवा. मायर्सचे पाकीट, थौलेसची किल्ली आणि स्टीव्हन्सनचे कुलूप ही नेमकी तीच तपासणी होती. दुसऱ्या कोणत्याही रेडिओवर तो कार्यक्रम अद्याप ऐकू आलेला नाही.

तेव्हा विज्ञानाचे आजचे उत्तर असे : मृत्यूनंतर जाणीव उरते असे दाखवणारा, कसोटीला उतरलेला एकही पुरावा मिळालेला नाही. जाणीव मेंदूच्या कार्यावर अवलंबून असल्याचे पुरावे मात्र पुष्कळ आहेत. उद्या कोणी कडक कसोटीतून पार पडणारा पुरावा आणला, तर विज्ञानाला तो मानावा लागेल. कसोटी मात्र एकच राहील : मिळालेले उत्तर जिवंत माणसांपैकी कोणाकडून, कळत वा नकळत, आलेले नसावे.

पाकीट उघडले

हे सारे मी त्या विद्यार्थ्याला एका बैठकीत सांगितले नाही. तो अधूनमधून येत राहिला. दिवाळीनंतर एकदा आला तो स्वतःची चाचणी घेऊनच. सुटीत घरी त्याने आईला सांगितले होते, "फक्त तुला आणि बाबांनाच ठाऊक असेल अशी एक गोष्ट कागदावर लिही. मला सांगू नकोस." आईने विचारले, "कशाला?" त्याने खरे ते सांगितले. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने पाकीट चिकटवून त्याच्या हाती दिले. वर प्रश्न लिहिला होता : लग्न झाल्यावर यांनी मला पहिली वस्तू कोणती आणून दिली?

त्या रात्री पुन्हा वाटी मांडली गेली. वाटी 'स'वर गेली आणि मग 'ड'वर. "साडी!" सगळे एकदम म्हणाले. कोणीही हेच म्हणाले असते.

सकाळी त्याने ते पाकीट माझ्यासमोर उघडले. आत आईच्या अक्षरात चार ओळी होत्या. घरात वीज रात्री-रात्री जायची, विहीर घराच्या मागे लांब होती आणि नव्या सुनेला अंधाराची भीती वाटायची. म्हणून पहिल्या पगारातून त्यांनी बॅटरी आणली होती. ती अजून फडताळात आहे, असेही तिने लिहिले होते.

तो ते पुन्हा पुन्हा वाचत होता. "सर, हे मला माहीतच नव्हतं," तो म्हणाला. थोड्या वेळाने त्याने विचारले, "मग 'गट्टू' मीच लिहिलं?"

"तूच. तुझ्या बोटाला ते आठवत होतं."

त्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. संध्याकाळी त्याने आईला फोन केला आणि वडिलांविषयी आणखी काय काय विचारायचे याची एक यादीच केली, असे त्याने मला नंतर सांगितले. त्या यादीतल्या प्रश्नांची उत्तरे आता त्याला खरोखर मिळत आहेत. आजी, काका, वडिलांचे जुने मित्र, सगळ्यांना तो विचारतो आणि वहीत तारीख घालून लिहून ठेवतो.

मित्रांनो, तुमच्यासमोर कधी वाटी सरकली, तर घाबरू नका आणि कोणाची टवाळीही करू नका. बोट उचला आणि विचारा : या प्रश्नाचे उत्तर वाटीवर बोट ठेवलेल्यांपैकी कोणाला ठाऊक आहे? मग अक्षरांची जागा बदला, सर्वांचे डोळे बांधा, वाचायला एक तटस्थ मित्र बसवा आणि काय होते ते लिहून ठेवा. फॅरेडेने एवढेच केले होते.